देवगिरीचा गुरुवार

आजचा विषय आहे देवगिरी, म्हणजेच दौलताबाद. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी हा किल्ला पाहिलेला आहे. शाळेच्या सहलीत एकदा, पाहुण्यांना वेरूळ दाखवायला नेताना एकदा, आणि पुढे नातवंडांचा हात धरून एकदा. नव्या जालन्याहून तो काही लांब नाही. संभाजीनगर साठेक किलोमीटर, आणि तिथून वेरूळच्या रस्त्याला पंधरा. १९०० साली मनमाडहून सिकंदराबादकडे जी रेल्वे झाली, तिच्यावर जालना आहे आणि दौलताबादही आहे. म्हणजे सव्वाशे वर्षं आपण एकाच रुळावर आहोत. तरीही मला असं वाटतं की आपण तो किल्ला अर्धाच पाहिला आहे. उरलेला अर्धा पाहण्याचा नाहीच, ऐकण्याचा आहे.

किल्ल्यावर आपल्याला काय सांगितलं जातं? पाचव्या भिल्लमाने ११८७च्या सुमारास इथे यादवांची राजधानी केली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी आला, रामदेवरायाने खंडणी दिली. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि गावाचं नाव दौलताबाद ठेवलं. १३४७ साली बहमनी राज्य इथेच जन्माला आलं आणि लगेच गुलबर्ग्याला गेलं. मग निजामशाही, आणि १६३३ साली मोगल. खंदक दाखवतात, अंधारी दाखवतात, मेंढा तोफ दाखवतात. हे सगळं खरं आहे, महत्त्वाचंही आहे. पण बघा, हा सगळा दरवाजाचा इतिहास झाला. दरवाजा कोणी बांधला, कोणी फोडला, कोणी आतून उघडून दिला. त्या दरवाजाच्या आत जे हजारो लोक राहत होते, ते संध्याकाळी काय करत होते, हे कोणी सांगत नाही.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे मला एक प्रश्न सतावतो. दगडाला इतिहास असतो हे समजतं, कारण दगड उरतो. पण गाणं? गाणं उमटतं त्याच क्षणी विरतं. जी वस्तू उरतच नाही, तिला इतिहास कसा असणार? आज मी तीन साक्षीदार उभे करतो. तिघेही देवगिरीचे, तिघांचा काळ वेगळा, राज्य वेगळं. पहिला हिशेबनीस, दुसरा प्रवासी आणि तिसरा किल्लेदार.

पहिला साक्षीदार शार्ङ्गदेव. तेराव्या शतकाचा पूर्वार्ध, यादव राजा सिंघण याची कारकीर्द. शार्ङ्गदेवाचे आजोबा भास्कर हे काश्मीरहून दक्षिणेत आले. वडील सोढल यादवांच्या दरबारी होते. आणि शार्ङ्गदेव स्वतः कोण? राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. आपलं जालना हे व्यापाऱ्यांचं, आडतीचं, जमाखर्चाचं गाव आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. भारतीय संगीतावरचा मध्ययुगातला सर्वात मोठा ग्रंथ, 'संगीतरत्नाकर', हा एका हिशेबनिसाने लिहिला. तो वैद्यकातही जाणकार होता. म्हणून पहिल्याच अध्यायात गर्भ कसा वाढतो, शरीर कसं घडतं हे येतं, आणि मगच स्वर येतो. आता तुम्ही म्हणाल, गाण्याच्या पुस्तकात गर्भ कशाला? कारण त्याच्या मते नाद शरीरातून उठतो. छातीत मंद्र, कंठात मध्य, मस्तकात तार. आधी वाद्य समजून घ्या, मग वादन. गवयाचं पहिलं वाद्य म्हणजे त्याचं शरीर.

ग्रंथाचे सात अध्याय आहेत: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन. गीत, वाद्य आणि नृत्य या तिघांना मिळून संगीत म्हणायचं, ही आपल्या तोंडी असलेली व्याख्या तिथलीच. रागांची संख्या दोनशे चौसष्ट. बावीस श्रुती कानाने पडताळून पाहायच्या कशा, तर त्याने दोन वीणा घ्यायला सांगितल्या आहेत. दोन्हींना बावीस बावीस तारा. एक वीणा स्थिर ठेवायची, दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवत जायची आणि पहिलीशी ताडून बघायची. हा हिशेबनिसाचाच स्वभाव झाला! दोन वह्या समोरासमोर ठेवून ताळा घ्यायचा.

पण मला त्याच्या ग्रंथातला सर्वात जिवंत भाग कोणता वाटतो सांगू? गायकांच्या दोषांची यादी. पंचवीस दोष दिले आहेत. कोणी दात आवळून गातो. कोणी घाबरत गातो. कोणाचा आवाज कावळ्यासारखा. कोणी उंटासारखी मान वर करून गातो. कोणाच्या गळ्याच्या आणि चेहऱ्याच्या शिरा फुगतात, कोणाचे गाल भोपळ्यासारखे होतात, कोणी डोळे मिटूनच बसतो. हे पोथ्या वाचून लिहिता येत नाही, बरं का. यातल्या काही गोष्टी जुन्या ग्रंथांतून चालत आल्या असतील, पण उंटाची मान आणि फुगलेले गाल समोर बसून पाहावे लागतात. आजही मैफलीला जा, पंचवीसपैकी दहा तरी भेटतील!

उत्तम वृंद कसा असावा याचा आकडाही तो देतो. मुख्य गायक चार, साथीचे गायक आठ, गायिका बारा, बासरीवाले चार, मृदंगवाले चार. बेरीज बत्तीस. बत्तीस जणांना पोसायचं म्हणजे किती धान्य, किती वस्त्रं, किती द्रम्म लागतील, हे राज्यात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? गाण्याला पैसा लागतो. दरबारी गाण्यामागे कोणाच्या तरी शेतातला सारा असतो.

आणि हा दरबारी माणूस ओवीचीही दखल घेतो. त्याच्या आधी शंभर वर्षं, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख आहे. शार्ङ्गदेवही ओवीला प्रबंधांमध्ये जागा देतो. उखळाजवळचं गाणं शास्त्राच्या ग्रंथात आलं. आणि त्यानंतर काही दशकांनी, १२९० साली, रामदेवरायाच्याच राज्यात ज्ञानेश्वरांनी त्याच ओवीत गीता सांगितली. देवगिरीचं राज्य बुडायला तेव्हा फार वर्षं उरली नव्हती. राज्य बुडालं, ओवी बुडाली नाही. रत्नाकरही बुडाला नाही. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने त्याच्यावर टीका लिहिली, पंधराव्या शतकात विजयनगरात कल्लिनाथाने लिहिली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन वाटा फुटण्याच्या आधीचा तो ग्रंथ. त्यामुळे दोन्हीकडचे पंडित त्याला आपला मानतात.

मात्र इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या दोनशे चौसष्ट रागांपैकी एकही राग शार्ङ्गदेवाच्या कानावर जसा पडला तसा आज कोणी गाऊन दाखवू शकत नाही. त्याचं शुद्ध स्वरांचं सप्तक आपलं नव्हे. नावं तीच राहिली आणि रूपं बदलली, असंही झालं आहे. ग्रंथ उरला, पण त्यातला आवाज उरला नाही. म्हणजे माझा प्रश्न सुटला नाही, उलट अवघड झाला. पुस्तकानेही गाणं टिकत नसेल, तर टिकतं कशाने?

इथे तुमच्यापैकी कोणी तरी गोपाल नायकाचं नाव काढणार, म्हणून आधीच बोलतो. गोष्ट अशी की देवगिरीचा हा महान गवई दिल्लीला गेला, त्याची पालखी शिष्य वाहत, आणि अमीर खुसरोने सिंहासनाखाली लपून त्याचं गाणं ऐकलं आणि मग तसंच गाऊन त्याला हरवलं. ही गोष्ट कोणी खुसरोच्या मोठेपणासाठी सांगतो, कोणी 'त्याने आमचं चोरलं' म्हणून सांगतो. या गोष्टीचं प्रसिद्ध रूप येतं ते फकीरुल्लाच्या 'रागदर्पण' या फारसी ग्रंथात, आणि तो सतराव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर साडेतीनशे वर्षांनी लिहिलेला. एवढ्या उशिराची साक्ष कोर्टात चालत नाही, इतिहासातही जपूनच घ्यावी. खुद्द खुसरोने आपल्या एका काव्यात लिहिलं आहे ते वेगळंच: परदेशी माणूस इथे तीस-चाळीस वर्षं राहिला तरी त्याला इथलं गाणं नीट वाजवता येत नाही. आणि गोष्टीचा गाभा पाहिलात तर तो हार-जितीचा नाहीच. एक गवई दुसऱ्या गवयाला दिवसेंदिवस चोरून, जीव ओतून ऐकतो आहे, हा तो गाभा. गाणं पुढे जातं ते असं, ऐकणाऱ्याच्या कानातून.

आता दुसरा साक्षीदार, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघाला, १३४२ साली दिल्ली सोडली, आणि वाटेत दौलताबादला आला. वर्ष लक्षात ठेवा. तुघलकाने राजधानी आणली १३२७ साली, आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत दिल्लीकरांना परत जायची मोकळीक मिळाली. दरबाराचं मुख्य बस्तान दिल्लीत गेलेलं आहे. आपल्याला वाटेल, गाव ओस पडलं असेल. इब्न बतूता काय लिहितो? इथे गाणाऱ्या स्त्री-पुरुषांचा एक मोठा, सुंदर बाजार आहे. नाव तरबाबाद. तरब म्हणजे गाण्याने होणारा आनंद. आनंदनगर म्हणा ना!

त्याचं वर्णन बारीक आहे. पुष्कळ दुकानं, प्रत्येक दुकानातून मालकाच्या घरात जायला दार. दुकानात गालिचे, आणि मधोमध एक मोठा पाळणा. गाणारी त्या पाळण्यावर बसते किंवा पहुडते, दासी झोका देतात. आपण म्हणतो ना, 'जालना, सोने का पालना'? शेजारच्या गावात खरोखरीच गाण्याचे पाळणे होते. बाजाराच्या मध्यभागी गालिचे घातलेला एक मोठा मंडप. दर गुरुवारी, दुपारनंतरची असरची नमाज झाली की गायकांचा प्रमुख तिथे येऊन बसतो. मग एकामागून एक ताफे येतात, त्याच्यासमोर गातात, नाचतात. सूर्य मावळला की तो उठतो. त्याच बाजारात मशिदी आहेत आणि रमजानमध्ये तिथे तरावीहची नमाज होते. एक हिंदू राजा या बाजारातून जाताना त्या मंडपाशी उतरून गाणं ऐकत असे, आणि एका मुसलमान सुलतानानेही तसंच केलं, असं तो सांगतो.

या वर्णनाला भुलून जाऊ नका, हेही सांगतो. पाळण्यावर कोण होत्या, झोका देणाऱ्या कोण होत्या? त्यांतल्या कितीजणी स्वतःच्या मर्जीने तिथे होत्या? तो गुलामांच्या खरेदी-विक्रीचा काळ होता, खुद्द इब्न बतूताही गुलाम बाळगत असे. पाळण्याचं वर्णन त्याने केलं, त्यावर बसलेल्या एकीचंही नाव लिहिलं नाही. आपल्या संगीताचं ऋण अशा बिननावाच्या बायकांकडे फार मोठं आहे, आणि ते कुठल्याच वहीत मांडलेलं नाही.

पण मला इथे एक शब्द हवा होता तो मिळाला: गुरुवार. गाण्याला वार ठरलेला आहे, वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे. गायकांना ठाऊक आहे की गुरुवारी आपली पाळी येणार, आणि समोर बसणारा जाणकार आहे. म्हणून बुधवारी रियाज होतो. सुलतान दिल्लीत असो की दौलताबादेत, गुरुवार येतोच.

गुरुवारच का? जुमेरात, म्हणजे शुक्रवारची पूर्वसंध्या. सूफींच्या दर्ग्यांत ही संध्याकाळ महत्त्वाची. आणि सूफी इथे होतेच. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दौलताबादला आले, १३३७ साली वारले आणि जवळच खुलताबादला त्यांची कबर आहे. समा म्हणजे ईश्वरभक्तीचं गाणं ऐकणं, हे त्यांना इतकं प्रिय की त्यांच्या डोलण्या-नाचण्याच्या ढंगाला लोक बुरहानी म्हणू लागले. गाणं धर्माला धरून आहे की नाही यावर उलेमांशी मोठे वाद झाले होते, गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात तर त्यावर रीतसर सभा भरली होती. वाद सुटला नाही, समा चालू राहिला. खुसरोचा मित्र, कवी अमीर हसन, याचीही कबर खुलताबादलाच. आणि त्याच गावात १७०७ साली औरंगजेबाला पुरलं. आपल्या दरबारातलं गाणं त्याने बंद केलं होतं. पण ते 'रागदर्पण' लिहिणारा फकीरुल्ला कोण होता? औरंगजेबाचाच एक सरदार. माणसं आपल्या सोयीइतकी सरळ नसतात.

तिसरा साक्षीदार जनार्दनस्वामी. सोळावं शतक, निजामशाहीचा काळ. मूळचे चाळीसगावचे, दत्तभक्त आणि देवगिरीचे किल्लेदार. सुलतानाच्या चाकरीतला किल्लेदार संतही आहे, हे त्या काळाला चालत होतं. पैठणचा एक पोरगा त्यांच्याकडे आला, तो एकनाथ. स्वामींनी त्याला काय काम दिलं? हिशेब! एका पैची चूक शोधत एकनाथ रात्रभर जागा राहिला आणि सापडल्यावर आनंदाने त्याने टाळ्या पिटल्या, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. म्हणजे देवगिरीवर दोन हिशेबनीस होऊन गेले. एकाने रत्नाकर लिहिला, दुसऱ्याने भारुडं. पहिल्याने शास्त्र मांडलं. दुसऱ्याने जोशी, वासुदेव, गोंधळी, फकीर, विंचू चावलेली बाई, सगळ्यांचा आवाज घेऊन गाणं पुन्हा रस्त्यावर नेलं.

आणि एकनाथांच्या चरित्रपरंपरेत असं सांगतात की जनार्दनस्वामींसाठी किल्ल्यावर एक वार कामकाज बंद असे. कोणता? गुरुवार. दत्ताचा वार.

मी असं अजिबात म्हणत नाही की तरबाबादचा गुरुवार, दर्ग्याची जुमेरात आणि दत्ताचा गुरुवार ही एकच परंपरा आहे. तिघांची कारणं वेगळी, माणसं वेगळी. वार जुळला हा योगायोग आहे. पण प्रत्येक काळात कोणीतरी आठवड्यातला एक दिवस बाजूला काढला, हा योगायोग नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. दगड कोणी पाहिला नाही तरी उरतो. गाणं तसं उरत नाही. ते टिकतं पुन्हा होण्याने. त्यासाठी राजा नसला तरी निभतं, पण ठरलेला वार आणि त्या वारी येऊन बसणारा श्रोता लागतो.

शार्ङ्गदेवाने नादाचे दोन प्रकार मानले. अनाहत, जो कशावर काही न आपटता उमटतो, तो योग्यांचा. आणि आहत, जो आघाताने उमटतो, तो आपला सगळ्यांचा. त्याचं म्हणणं असं की अनाहत मुक्ती देत असेल, पण त्यात रंजकता नाही. आहत नाद लोकांना आनंदही देतो आणि संसारातून सोडवतोही. बघा, हा तत्त्वज्ञानातला मोठा निर्णय आहे. ज्याला घडवावं लागतं, ज्यासाठी चार माणसं जमावी लागतात, त्या नादाच्या बाजूने त्याने कौल दिला.

आता आजचं बोलू. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी वेरूळला कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर होई, पुढे तो सोनेरी महालाच्या आवारात आला. मोठमोठे कलावंत तिथे गाऊन गेले. मध्ये काही वर्षं खंड पडला आणि २०२३ साली तो पुन्हा भरला. महोत्सव व्हावा, जरूर व्हावा. पण महोत्सवाला सरकार लागतं, निधी लागतो, आणि ते नसलं की तो रद्द होतो. गुरुवार रद्द करायला कोणाची सही लागत नाही, आणि घडवून आणायलाही लागत नाही. आपल्या गल्लीत दत्ताच्या देवळात पेटी, पखवाज आणि चार टाळ घेऊन जे भजनी मंडळ बसतं, ते तरबाबादच्या मंडपाचं काम करत आहे. तिथे गाणारे आहेत, पण समोर बसणारे कमी झाले आहेत. पोरं मोबाईलवर ऐकतात. ऐकू द्या, मोबाईलवर चांगलंही मिळतं. आजचं हे व्याख्यानसुद्धा पुष्कळजण तसंच ऐकतील. पण मोबाईलवरच्या गवयाला तुम्ही ऐकताय हे कळत नाही. तुमची मान डोलली म्हणून तो ती जागा पुन्हा घेत नाही.

तेव्हा किल्ल्यावर जाल तेव्हा एवढं करा. महाकोटातून आत शिरल्यावर चांदमिनारापाशी थांबा. चांगलाच उंच आहे, फोटो सगळेच काढतात. तिथे क्षणभर विचार करा की याच तटांच्या परिसरात कुठेतरी गाणाऱ्यांचा बाजार होता. त्याची जागा दाखवणारी पाटी नाही. पुढे चिनी महाल लागेल. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा तिथे कैदेत होता आणि कैदेतच वारला. याच तानाशहाच्या राजवटीत भद्राचलचे रामदास गोवळकोंड्याच्या तुरुंगात होते. कोंडणाराही शेवटी कोंडला गेला. रामदासांची कीर्तनं आजही आंध्र-तेलंगणात घरोघरी गातात. मग अंधारीतून वर चढा, जनार्दनस्वामींच्या समाधीपाशी बसा. येताना कोणी गाणारा बरोबर असेल तर त्याला एखादी ओवी, एखादा अभंग म्हणायला सांगा. तिथे आवाज कमी आणि मन लावून. आणि जमलं तर गुरुवारीच जा.

गुरुवारी नाही जमलं, तर निदान गुरुवारी संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या देवळात जाऊन बसा. गाता येत नसेल तरी बसा. ऐकायलाही माणूस लागतोच.

आता प्रश्न असतील तर विचारा.